आईच्या लुगड्यांतून भेटवस्तू शिवायच्या आहेत. कोणते कापड टिकेल?

प्रश्न : अंबाझरीकर

नमस्कार. मागच्या आषाढात माझी आई गेली. तिची लोखंडी पेटी आम्ही दिवाळीनंतर उघडली, तेव्हा तीत तीन सुती नऊवारी लुगडी, दोन टसरची करवतकाठी पातळे, दहा-बारा जॉर्जेट आणि टेरिकॉटच्या साड्या निघाल्या. त्यांच्या तळाशी बाबांचे पाच सुती शर्ट आणि दोन धोतरेही होती. बाबांना जाऊन नऊ वर्षे झाली. हे कपडे आईने ठेवले आहेत हे आम्हा भावंडांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते.

वर्षश्राद्धाला सगळे नागपुरात जमतील, तेव्हा प्रत्येकाच्या हाती या कापडातून शिवलेली एखादी वस्तू द्यावी असे मनात आहे. देणे आहे ते दोन भाऊ, दोन वहिनी आणि पुतणे-पुतण्या मिळून पाच जण यांना. त्यांतला धाकटा पुतण्या पाच वर्षांचा आहे आणि तान्ह्या पोळ्याला, म्हणजे मुलांच्या लाकडी बैलांच्या सणाला, त्याच्या बैलावर दर वर्षी आईच झूल घालून देत असे, म्हणून ती झूल या वेळी मला करायची आहे. थोरल्या भावाची मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी पुण्याहून माहेरी आली आहे. बाळ पौषात अपेक्षित आहे. तिच्या बाळंतविड्यासाठी झबली आणि दुपटी लुगड्यांतून शिवावीत असा माझा विचार होता, पण थोरल्या वहिनींचे म्हणणे असे की गेलेल्या माणसाचे कापड तान्ह्या बाळाच्या अंगाला लावू नये.

मी हौशी शिवणारी आहे. घरी पायमशीन आहे, सरळ शिलाई बरी येते. फॉल-पिको मात्र बाहेरूनच करून घेते. उत्साहाच्या भरात मी एका टसरच्या पदराची उशीची खोळ शिवायला घेतली. शिलाई नीट आली, पण खोळ सुलट करताना कापड जुन्या घडीवरून असे फाटले की जणू कोणी ब्लेड फिरवले असावे. शिलाई जागच्या जागी राहिली आणि तिच्या बाजूचे कापड गेले. तेव्हापासून कात्री हातात घ्यायचे धैर्य होत नाही. कोणत्या कापडाचे काय करता येईल हे आधी कसे ओळखावे?

उत्तर १ : शिवणवर्ग_नंदनवन

ताई, फाटलेल्या पदराचे वाईट वाटून घेऊ नका. मी तीस वर्षे शिवणवर्ग घेतला आणि माझ्या हातूनही टसर असेच गेले आहे. रेशमी कापड वर्षानुवर्षे एकाच घडीवर ठेवले की त्या रेषेवरचे धागे आतून तुटत जातात. वरून काही दिसत नाही, कारण घडी उलगडेपर्यंत त्यांच्यावर ताण येत नाही. त्यात आपल्याकडचा मे महिना आणि लोखंडी पेटी. म्हणून आपण चुकून काही केलेत असे नाही. आपण फक्त कापडाला विचारण्याआधी वस्तू ठरवली.

आता विचारायचे कसे ते सांगते. प्रत्येक कापड दिवसा खिडकीत धरून उजेडाकडे पाहा. जिथे विरले आहे तिथून उजेड जास्त येईल आणि वीण जाळीसारखी दिसेल. त्या जागेभोवती खडूने वळसा काढा. मग जिथे कापड दाट वाटते तिथे दोन्ही हातांचे अंगठे शेजारी शेजारी टेकवून कापड हळूहळू बाहेरच्या बाजूंना ताणा, एकदा उभ्या धाग्यात आणि एकदा आडव्या. धागे सरकले, किंवा बारीकसा चर्र आवाज आला, तर तो भाग ज्यावर ओढ बसेल अशा कोणत्याही वस्तूला चालणार नाही. नऊवारीत कासोट्याकडचा आणि बसण्याचा भाग बहुधा सर्वांत आधी विरतो. कमरेशी खोचलेले आतले टोक मात्र पुष्कळदा कोऱ्यासारखे निघते. शर्टात कॉलर, कफ आणि कोपर गेलेले असतात, पाठ शाबूत असते. ही पाहणी झाल्याशिवाय काय शिवायचे हे ठरवूच नये, एवढे माझे ऐका.

धुण्याच्या बाबतीतही कापडाचा स्वभाव वेगवेगळा असतो. सुती धागा ओला झाला की उलट अधिक बळकट होतो, म्हणून लुगडी नेहमीच्या साबणात निर्धास्त धुवा. रेशीम ओले असताना कमकुवत असते, तेव्हा टसर पिळू नका. रिठ्याच्या कोमट पाण्यातून हलकेच काढा, पंचात गुंडाळून पाणी टिपून घ्या आणि सावलीत आडवे पसरून वाळवा. लाल किंवा जांभळ्या काठाचा एक कोपरा भिजवून त्यावर पांढरी चिंधी ठेवा आणि गरम इस्त्री दाबा. चिंधी रंगली तर ते कापड फिक्या कापडाशेजारी जोडू नका.

करवतकाठीबद्दल एक समाधानाची गोष्ट अशी की तिचे अंग टसरचे असले तरी करवतीच्या दात्यांचा तो काठ पुष्कळदा सुती धाग्याचा असतो, आणि तो वेगळ्या धोट्याने विणलेला असतो. अंग फाटले तरी काठ टिकलेला सापडतो. फाटलेल्या पदराचा काठ अंगापासून दोन बोटे टसर ठेवून अलगद कापून घ्या. तुमच्या पुतण्याच्या बैलाची झूल त्यातूनच करा, कारण झुलीवर ओढ बसत नाही. बैलाच्या मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंतचे माप आणि एका पोटापासून पाठीवरून दुसऱ्या पोटापर्यंतचे माप घ्यावे, खाली जाड सुती अस्तर द्यावे, तिन्ही बाजूंनी काठ लावावा. उरलेल्या टसरला मागून मलमल लावून हाताने टाके घातलेत, तर त्याचे पुस्तकाचे वेष्टन किंवा चौकटीत बसवायचा तुकडा होईल. उशी मात्र पुन्हा नको.

शिवताना नेहमीची अर्धा इंच माया, म्हणजे शिलाईच्या बाहेर सोडायचे जास्तीचे कापड, पुरत नाही. जुन्या कापडाला एक इंच माया सोडा. (वर्गात मुली या शब्दावर दर वर्षी हसत आणि मी दर वर्षी त्यांना हसू देत असे.) मशीनला नवी अकरा नंबरची सुई लावा. टाका बारीक ठेवला म्हणजे शिलाई पक्की होते हा समज नव्या कापडापुरता ठीक आहे. विरलेल्या कापडात बारीक टाके म्हणजे टपाल तिकिटाच्या कडेला असतात तशी भोके, आणि कापड बरोबर त्याच रेषेवर फाटते. टाका तीन मिलिमीटरपर्यंत मोठा करा.

उत्तर २ : परिचारिका

मी नवजात बालकांच्या कक्षात काम करते, म्हणून फक्त बाळाच्या कपड्यांबद्दल लिहिते.

पेटीत डांबरगोळ्या होत्या का, हे आपण लिहिलेले नाही. जुन्या लोखंडी पेटीत त्या नसतील असे सहसा होत नाही. या गोळ्यांत नॅफ्थलीन असते. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची कमतरता असते आणि अशा बाळाच्या अंगाला नॅफ्थलीनचा वास मुरलेले कपडे लागले, तर त्याच्या तांबड्या पेशी फुटू लागतात व कावीळ धोकादायक वाढू शकते. बाळात ही कमतरता आहे की नाही हे जन्माच्या वेळी घरच्यांना माहीत नसते, म्हणून नियम सर्वांसाठी एकच ठेवावा: कापड गरम पाण्यात साबणाने दोन-तीनदा धुऊन अनेक दिवस कडक उन्हात वाळवूनही जर नाकाशी धरल्यावर थोडासाही वास येत असेल, तर ते बाळासाठी वापरू नये. मोठ्यांच्या वस्तूंना ते चालेल.

झबल्याला बटणे, टिकल्या, मणी लावू नका. समोरून उघडणारे झबले आणि त्याला आखूड बंद हेच सोयीचे. लांब नाड्या गळ्याभोवती अडकतात. जरीचा काठ कितीही देखणा असला तरी तो बाळाच्या मानेला घासतो. शिलाईची कड आत न ठेवता बाहेर ठेवलीत तर दिसायला उलटे वाटेल, पण बाळाला टोचणार नाही. जाड गोधडी झोपलेल्या बाळाच्या अंगावर घालू नये किंवा पाळण्यात सैल ठेवू नये. ती मांडीवर घ्यायला, आणि पुढे जागे असताना पालथे पडायला लागल्यावर जमिनीवर अंथरायला, उत्तम.

आता आपल्या वहिनींच्या म्हणण्याविषयी. आपल्याकडे बाळाला पाचवीपर्यंत नवे कापड घालत नाहीत, जुन्या मऊ सुती कापडाचीच झबली घालतात, अशी रीत अनेक घरांत आहे आणि ती शहाणपणाची आहे, कारण पुष्कळदा धुतलेल्या कापडातील खळ आणि जादा रंग निघून गेलेला असतो. मात्र ते कापड घरातल्या जित्या-जागत्या आजीचे किंवा आत्याचे असते, हेही तितकेच खरे. वहिनी त्या बाळाच्या आजी होणार आहेत. तिथे शास्त्र सांगून वाद जिंकण्यापेक्षा त्यांनाच त्यांची एखादी जुनी सुती साडी मागा आणि झबली तिची शिवा. डांबरगोळ्यांचा प्रश्नही त्यामुळे आपोआप सुटेल.

उत्तर ३ : पायमशीन

मी पुरुष असून शिवतो, हे आधीच सांगितलेले बरे, नाहीतर नंतर कोणीतरी विचारतेच. नागपूरच्या महाल भागात माझे दुरुस्तीचे लहानसे दुकान आहे, आणि गेलेल्या वडिलांचे शर्ट घेऊन येणारी माणसे मी दर वर्षी पाहतो.

शर्टांची उशीची खोळ करा, पण बटणपट्टी काढून टाकू नका. तीच खोळीचे तोंड होऊ द्या. शर्टाची सगळी बटणे लावा, तो जमिनीवर सपाट पसरा आणि सोळा इंची उशीसाठी समोरून सतरा इंची चौकोन अशा बेताने कापा की पट्टी बरोबर मधोमध येईल. पाठीतूनही तेवढाच चौकोन कापा. कापण्याआधी पट्टीच्या वरच्या आणि खालच्या टोकाला दोन-दोन इंच शिलाई मारून घेतली नाही, तर चौकोन कापताच पट्टी उघडते आणि माप बिघडते. चारही बाजू शिवण्याच्या वेळी मधली दोन बटणे उघडी ठेवा. खोळ तिथूनच सुलट करायची आहे. चेन लावायची गरज उरत नाही, आणि भावाने पुढे कधी खोळ धुवायला काढली तर त्याला वडिलांच्या शर्टाची बटणे त्याच्याच हातांनी सोडावी लागतील.

कफ शाबूत असलेल्या बाहीची पाण्याच्या बाटलीची पिशवी होते: कफ वर, खाली गोल तळ, आणि पट्टा धोतराचा. खिसा उसवू नका, त्याच्या भोवतीचे कापड धरून कापा. खिशाखालचे कापड मूळ रंगाचे राहिलेले असते आणि उसवलात तर गडद चौकोन उमटून दिसतो.

धोतरे अस्तरात घालण्यापूर्वी दोन्ही टोके पाहा. त्यांतले एखादे कोरे असेल तर त्यावर गिरणीचा शिक्का असू शकतो. जमशेटजी टाटांनी १८७७ साली नागपुरात सुरू केलेली एम्प्रेस मिल आता राहिली नाही, तेव्हा तिचा किंवा मॉडेल मिलचा शिक्का निघाला, तर तेवढा हात-दीड हात कापड धुऊ नका आणि कापूही नका.

जॉर्जेट आणि टेरिकॉटबद्दल कोणी बोलले नाही, म्हणून मीच बोलतो: त्यांच्यात जीव अडकवू नका. जॉर्जेट मशीनखाली सरकते, कडेने सुटत जाते, पाणी टिपत नाही. तीन पट्ट्यांची वेणी घालून पायपुसणी करतात, ती दिसतात छान आणि पुसत काहीच नाहीत. आईच्या विशेष आठवणीची एखादी असेल तर ती ठेवा, बाकीच्या कोणा गरजू बाईला नेसायला द्या किंवा भांडेवालीला देऊन स्टीलचे पातेले घ्या. तुमच्या आईनेही बहुधा तेच केले असते.

उत्तर ४ : काटोलची_लेक

वर सगळ्यांनी कापायचे कसे ते सांगितले. मला न कापण्याबद्दल लिहायचे आहे.

नऊवारी लुगडे नऊ वार, म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास भरते. त्याच्या चार घड्या केल्या की साधारण दोन मीटर लांब आणि लुगड्याच्या पन्ह्याइतकी, म्हणजे सव्वा मीटरच्या आसपास रुंद अशी चार पदरी वाकळ तयार होते. एका माणसाच्या अंथरुणाला ती बरोबर पुरते. कात्री लावायची वेळच येत नाही. माझी आजी तिला वाकय म्हणत असे आणि लुगड्याची घडी कशी घालायची हे ठरवायला तिला एक पूर्ण दुपार लागायची, कारण विरलेला भाग आतल्या दोन पदरांत जावा आणि धड भाग वर-खाली यावा हाच त्यातला सगळा हिशेब असतो. घडी सरळ मोजून घालायची नसते. एखाद्या पदराला वीतभर पुढे-मागे सरकवावे लागते, आणि मग जिथे कापड उणे पडते तिथे आतून थिगळ द्यावे लागते. थिगळाला बाबांच्या धोतराचा तुकडा उत्तम.

खालच्या बाजूला नवे मांजरपाट लावणार असाल तर ते आधी रात्रभर भिजवून वाळवा. जुने लुगडे आटायचे तेवढे आटून झालेले असते. नवे मांजरपाट मात्र पहिल्या धुण्यात आटते आणि सगळी वाकळ सुरकुत्या पडलेल्या पापडासारखी होते. माझी पहिली वाकळ अशीच झाली होती आणि ती आमच्याकडे अजून कूलरच्या टाकीखाली आहे.

घडी घातल्यावर लुगड्यावर पाण्याचा हबका मारा, फरशीवर चटई घालून त्यावर ते ताणून पसरा, चारही कोपऱ्यांवर वरवंटा, पितळी डबा, जे जड असेल ते ठेवा. मग मधून कडेकडे कच्चे टाके घाला, म्हणजे फुगा येणार नाही. पक्का धावदोरा कडेने सुरू करून चौकोनात चौकोन घेत मध्यापर्यंत आणतात. दोन ओळींत दोन बोटे अंतर पुरे. दोरा सुती घ्या, गांधीबागेच्या किंवा इतवारीच्या बाजारात सहज मिळेल, आणि तो ओढून धरू नका. हात चारही पदरांतून सुई पार करताना आपोआप दोरा आवळतो. दर वीतभर शिवून झाले की कापड हाताने मागे सारून टाके सैल करायचे. रोज जेवणानंतर दोन तास बसले तर मला एका वाकळीला तीन आठवडे लागतात. तीन लुगडी आहेत, आषाढाला अवकाश आहे.

अंबाझरीकर

सर्वांचे आभार. झालेले सांगते.

डांबरगोळ्या होत्या. पेटीच्या कोपऱ्यांत त्यांची वाटाण्याएवढी झालेली उरली-सुरली खडी सापडली. चार वेळा धुतल्यावरही लुगड्यांचा वास पूर्ण गेला नाही, म्हणून बाळाचा विचार तिथेच सोडला. वहिनींकडे त्यांची साडी मागितली तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी एक फिकी पिवळी सुती साडी इस्त्री करून घेऊन आल्या आणि झबल्यांचे बंद स्वतः शिवत बसल्या. सहा झबली, चार दुपटी झाली आहेत. शिलाई बाहेर ठेवल्याचे त्यांना पटलेले नाही.

उजेडात धरून पाहिले तेव्हा तीन लुगड्यांपैकी एक पूर्णच गेलेले निघाले. अंगठ्यांनी ताणताच ते कागदासारखे फाटले. त्याचे थिगळ म्हणूनही काही होईना, तेव्हा ते तसेच घडी करून ठेवले. उरलेल्या दोनांच्या दोन वाकळी होतील, एक पुतणीला आणि एक धाकट्या वहिनींना. पहिलीचे कच्चे टाके घालून झाले आहेत. शर्टांपैकी दोन खोळींसाठी कापले. पहिल्या खोळीच्या वेळी पट्टीची टोके शिवायला विसरले आणि पायमशीन यांनी लिहिले होते अगदी तसेच झाले. धोतरांपैकी एक खरोखर कोरे निघाले, परंतु त्याच्या टोकावरचा शिक्का इतका पुसट झाला आहे की गिरणीचे नाव लागत नाही. ते धोतर जसे होते तसे पेटीत परत ठेवले आहे.

झूल झाली. करवतीचा काठ तीन बाजूंनी लावून चौथी बाजू कशाने मिटवावी हे पाहत असताना फाटून गेलेल्या लुगड्याचा पदर पुन्हा हाती आला. आई बाजारात जाताना सुटे पैसे पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवत असे, त्यामुळे त्या कोपऱ्यात चुण्या पडल्या होत्या; चार वेळा धुऊन आणि इस्त्री फिरवूनही त्या गेल्या नव्हत्या. तेवढा एकच तुकडा त्या लुगड्यात जाड राहिला होता. तो मी झुलीच्या मागच्या कडेला, बैलाच्या शेपटीवर येईल असा लावला आहे. पुतण्याने काल माप बघायला बैल आणला, झूल चढवली आणि तो कोपरा बोटांत धरून विचारले की ही इस्त्री करायची राहिली आहे का. मी हो म्हणाले.

एक शंका मात्र अजून उरली आहे. शिवणवर्ग_नंदनवन यांना विचारते: दुसरे टसरचे पातळ अजून पेटीत जुन्याच घडीवर आहे. त्याची घडी आता उलगडून गुंडाळी करून ठेवू, की उलगडतानाच ते फाटेल?

शिवणवर्ग_नंदनवन

उलगडा, पण हातांत उचलून नको. पेटीतून काढून पलंगावर ठेवा, घडीचा एक-एक पदर दोन्ही तळहातांनी खालून आधार देत उघडा आणि पूर्ण पसरल्यावर रात्रभर तसेच राहू द्या. मग जुन्या धुतलेल्या मलमलीसकट पुठ्ठ्याच्या जाड नळीवर गुंडाळा. पुठ्ठा टसरला थेट लागू देऊ नका. नळी कापडाच्या दुकानात मागितली तर फुकट मिळते.